सहावी चिठ्ठी

आमच्या सोसायटीला सध्या रंग लागतो आहे. परवा रंगाऱ्यांनी बाहेरून परांची बांधली आणि काचांवर शिंतोडे नकोत म्हणून सगळ्या खिडक्यांवर खाकी कागद चिकटवून टाकले. दुपारी जेवून हॉलमध्ये आले, तर बाहेरचं रणरणतं ऊन त्या कागदातून गाळून आल्यासारखं तपकिरी होऊन फरशीवर पसरलं होतं. पंखा संथ फिरत होता. पाम बीच रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज कुठल्या तरी दुसऱ्या गावातून यावा तसा येत होता. सून म्हणाली, "आई, लाइट लावू का? कसलं डिप्रेसिंग वाटतंय." मी म्हटलं, राहू दे गं. कारण त्या उजेडात मला तीन बाकं दिसायला लागली होती, आणि त्या बाकांवर बसलेली आम्ही सहा मुलं.

तो आमचा जुन्या मॅट्रिकचा वर्ग, अकरावीचा. सहाच जण. बांगलादेशच्या युद्धाचं ते वर्ष होतं. आज सीवूड्सचे टॉवर उभे आहेत तिथून फार लांब नसलेलं, खाडीच्या काठावरचं ते गाव. नवी मुंबई हे नाव तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हतं. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला मिठागरं, आणि भरतीच्या वेळी सगळ्या गावाला येणारा खारट, ओलसर वास. माझे वडील मिठागर खात्यात कारकून होते. बदलीवर आलेले, वाईकडचे. त्यामुळे वर्गातल्या सहांत मी एकटीच बाहेरची. बाकीचे पाच त्याच मातीतले, एकमेकांच्या नात्यागोत्यातले. मी त्यांच्यात दोन वर्षं होते, पण त्यांच्यातली होते का, हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे पन्नासएक वर्षं ते खुपत राहिलं.

खाडीच्या पलीकडे ट्रॉम्बेचे तेलाचे कारखाने. बॉम्ब पडायचे ते तिथेच पडणार, आणि एखादा चुकला तर आपल्यावर, असा गावातला सरळ हिशेब होता. म्हणून शाळेच्या खिडक्यांना खाकी कागद लावायचा हुकूम आला. ते काम अकरावीकडे. तांदळाची खळ घरून शिजवून आणायची आणि काचा मढवायच्या. आमच्यात एक गोलमटोल, सदा हसतमुख मुलगा होता. चार खिडक्या झाल्या आणि खळ संपली, तेव्हा शोध घेतला तर हे महाशय डबा मांडीवर घेऊन बोटं चाटत बसलेले. मीठ घातलं असतं तर बरी लागली असती, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आज त्याला जाऊन वीस वर्षं झाली, पण कुठेही पेज दिसली की मला त्याची ती तृप्त मुद्रा आठवते.

आमचे हेडमास्तर सातारकडचे. धिप्पाड, करारी, आणि समुद्राशी संबंध भूगोलाच्या पुस्तकापुरताच. त्यांनी मैदानात खंदक खणायचं ठरवलं. पोरं म्हणाली, "सर, पुनवेला उदान येतं. पानी भरंल." सर गरजले, "उधाण येईल ते शत्रूला येईल!" चार दिवस खपून मुलांनी कमरेइतका खंदक खणला. पुनवेला खाडीने शिस्तीत तो काठोकाठ भरून दिला आणि वर मूठभर चिंबोरी खेकडेही सोडले. सर काठावर उभे राहून बराच वेळ पाण्याकडे बघत होते. आमच्या वर्गात मी सोडून जी एक मुलगी होती, तिने मात्र परकराचा ओचा खोचला, खंदकात उतरली आणि रात्रीच्या कालवणाची सोय करून घेतली. ही मुलगी शाळेत होडीने यायची. स्वतः वल्हवत. तिचं वेळापत्रक घड्याळावर नसायचं, भरतीवर असायचं. मी तिला मनातून भयंकर घाबरायचे आणि तितकीच तिच्यावर भाळलेले होते. तिच्यासारखी शीळ मला अजूनही घालता येत नाही.

संमेलन त्या वर्षी रद्द झालं. दिवे नकोत, गर्दी नको. पण शेवटच्या वर्षाच्या मुलांचे फिशपाँड तरी होऊ देत, म्हणून आम्ही सरांच्या फार मागे लागलो. जुने लोक त्याला शेलापागोटी म्हणत. ज्याला त्याला चिमटा काढणारी, चिठ्ठीवर लिहिलेली दोन-चार ओळींची गाणी. सरांनी एक दुपार दिली. वर्गातच, खिडक्या बंद करून. बिस्किटांचा रिकामा डबा आणला गेला. ठरलं असं, की पाच जणांवर मी लिहायचं, कारण यमकं मला जुळतात, आणि माझ्यावर त्या पाचांनी मिळून लिहायचं. चिठ्ठ्या डब्यात, वाचणार सर.

मी आठवडाभर त्याच धुंदीत होते. गणितं सोडवताना वहीच्या मागच्या पानावर यमकं जुळत. एकजण होता ज्याच्या काकांकडे ट्रान्झिस्टर होता. सकाळच्या बातम्या ऐकून तो शाळेत असा यायचा की जणू आघाडीवरूनच परततो आहे. त्याच्यावर मी लिहिलं:

सगळ्या जगाची खबर याला, ढाक्यापासून कराची;
एवढंच ठाऊक नाही त्याला, परीक्षा आहे कशाची!

दुसऱ्याला लष्करात जायचं होतं. तो पाणी प्यायलासुद्धा कवायत करत जायचा. आम्ही त्याला जनरल म्हणत असू. फक्त बेडकासमोर त्याचं शौर्य पातळ व्हायचं. त्याच्यासाठी:

पाऊल टाकी धाडधाड, शत्रू कापे थरथर;
बेडूक दिसला खंदकात, नि वीर चढले झाडावर!

(जनरल पुढे न्हावा शेव्याला कस्टमच्या एजंटाकडे लागला आणि जन्मभर कंटेनरच्या रांगांमधून ताठ मानेने फिरला. तिथे बेडूक होते की नाही, विचारायचं राहून गेलं.) होडीवालीवरही लिहिलं, भरती आली की बाई आल्या, ओहोटी लागली की बाई गेल्या, असं काहीसं. खळवाल्यावर लिहायला तर डोकंसुद्धा लागलं नाही.

पाचवा तिसऱ्या बाकावर बसायचा. तीनच बाकं, त्यामुळे तोच शेवटचा बाक. सावळा, किडकिडीत, अक्षर मोत्यासारखं. उत्तर त्याला बहुतेक वेळा यायचं, पण पहिल्या अक्षरापाशीच तो अडायचा. ओठ हलत, मान ताणली जाई, आणि शब्द निघेपर्यंत दुसरंच कुणीतरी उत्तर देऊन टाके. बऱ्याचदा ती मीच असायचे. त्याच्या त्या अडखळण्यावर मी चार ओळी लिहिल्या. पाचांत त्या सगळ्यात जास्त जमल्या होत्या, हे मला लिहितानाच कळलं होतं.

त्या दुपारी वर्गात असाच तपकिरी उजेड होता. सर एकेक चिठ्ठी काढून खणखणीत आवाजात वाचत होते आणि आम्ही बाकं बडवत होतो. त्याच्या चिठ्ठीला तर हसून हसून जनरलच्या डोळ्यांत पाणी आलं. सरसुद्धा हसले. तोही हसला, असं मी स्वतःला सांगत आले आहे. मग सरांनी सहाव्या चिठ्ठीसाठी डब्यात हात घातला. माझी चिठ्ठी. हे पाचजण मला काय म्हणतात, ते आत्ता कळणार होतं. आणि नेमका तेव्हाच पलीकडच्या काठावरून भोंगा सुरू झाला.

शिपायाने रुळाचा तुकडा बडवायला सुरुवात केली. खंदकात पाणी, म्हणून आम्ही सगळे बाकांखाली. सर एवढे मोठे, पण तेही टेबलाखाली घुसले आणि डबा घरंगळत कुठेतरी गेला. पुन्हा भोंगा वाजून धोका टळला तेव्हा सरांनी वर्ग सोडून दिला. बॉम्ब वगैरे काही पडलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा सापडला, आत चिठ्ठी नव्हती. मी प्रत्येकाला विचारलं. कुणी खांदे उडवले, कुणी हसलं. होडीवाली म्हणाली, "जाऊ दे ना गो, काय त्यात!" थोड्याच दिवसांत युद्ध संपलं, मग अभ्यास, परीक्षा, वडिलांची बदली. माझी चिठ्ठी तशीच राहिली.

हसू नका, पण आयुष्यात मोठी दुःखं पचवली आणि हे एवढंसं पचलं नाही. कधी वाटे, फार जहाल लिहिलं असेल म्हणून दडवली. कधी वाटे, त्यांनी लिहिलंच नसेल. आपल्यातल्याची थट्टा करतात, परक्याची कोण करतं? हा दुसरा विचार जास्त बोचायचा. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला सीवूड्सला आले, त्याला आठ वर्षं झाली. दरम्यान ट्रान्झिस्टरवाला गेला, जनरल गेला. होडीवाली अलिबागला लेकीकडे असते, पण आता तिला लेकीचंही नाव आठवत नाही. सांगू शकेल असा एकच उरला, तिसऱ्या बाकावरचा. तो करावे गावात राहतो, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, आणि आठ वर्षांत मी गेले नव्हते. वेळ मिळाला नाही असं सांगत होते. खरं म्हणजे त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती. कागद लावलेल्या हॉलमध्ये दोन दुपारी काढल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठून गेले.

घर तीन मजली, खाली भाडेकरू, दारात तुळस आणि दोन बुलेट. त्याच्या सुनेने हसून आत घेतलं. "काकू, सावकाश या. दुसराच मजला हाय, टेन्शन नका घेऊ." तो गॅलरीत खुर्चीवर बसून मोबाइलवर बातम्या बघत होता. केस पांढरेशुभ्र, मान तशीच किडकिडीत. मी नाव सांगायच्या आधीच त्याने ओळखलं.

"तु..." म्हणाला आणि थांबला. पूर्वीसारखाच, पहिल्या अक्षरापाशी. मीही थांबले. बहुधा पहिल्यांदाच. "तू इकडंच ऱ्हातेस असं आयकलेलं. म्हनलं, येशील कवातरी."

इकडचं तिकडचं झालं. त्याचा मुलगा तुर्भ्याच्या एका कारखान्यात, माझा बेलापूरला. मग मला राहवेना. मी सरळ विचारलं, "माझी चिठ्ठी कुणी घेतली रे?"

तो हसला, अगदी शांतपणे. "मी."

"कशाला?"

"लिवली पन मीच होती. पाचांनी मिलून काय लिवतायत! अक्षर बरं म्हनून मनाच दिली लिवायला. चार वली." तो पुन्हा थांबला. खाली रस्त्यावर मासळीवाली ओरडत गेली. "तू माज्या बाजूच्याच बाकाखाली होतीस. आठवतं?"

मला धूळ आठवत होती, खडूचा वास आठवत होता. बाकी काही नाही.

"बाकाचा पाय दोनी हातांनी धरलेला तू. लटलटा कापत होतीस. 'मला घरी जायचंय, मला वाईला जायचंय,' बस, येवढंच. भोंगा थांबला तरी तुजं चालूच. मी बगतच राह्यलो. मना वाटायचं, ही कशालाच भीत नाय. तेवड्यात डबा आला ना घरंगलत, माज्या गुडग्याशी. चिठ्ठी बाहेर पडलेली. म्हनलं, आता हे वाचलं तं ही रडंल. नको. तोंडात टाकली नि चावून गिलली." आणि मग डोळे मिचकावून, "खल खायचा मान त्याचा, कागुद खायचा माजा."

मी हसले, आणि मग लक्षात आलं. सरांनी त्याची चिठ्ठी वाचून पाच मिनिटंही झाली नव्हती तेव्हा. बाकं अजून दणाणत असतील त्याच्या कानात. "काय लिहिलं होतंस?" मी विचारलं.

"इसरलो," तो म्हणाला.

ज्याला बाकाखालचा माझा शब्द न् शब्द आठवत होता, तो स्वतःच्या चार ओळी विसरला होता म्हणे. मी त्याच्याकडे बघत राहिले, तर तो नजर चुकवून चहाचा कप पुढे सरकवायला लागला. मग अगदी हळू आवाजात, सून आत आहे हे बघून, म्हणाला, "तुज्या मातर पाठ हायत मना अजून." आणि त्याने त्या म्हणून दाखवल्या. चारही ओळी, यमकासकट, कुठेही न अडखळता. इतक्या वर्षांत किती वेळा मनात म्हटल्या असतील, तेव्हा त्या अशा घासूनपुसून गुळगुळीत झाल्या असतील! त्याच्या तोंडी राग नव्हता. उलट "झ्याक लिवायचीस तू," असं वर म्हणाला. मी त्याचा हात धरला आणि माफी मागितली. तो म्हणाला, "चा थंड होतोय."

घरी आले तेव्हा रंगारी कागद काढत होते. एकेक खिडकी उघडी होत होती आणि पांढरं, टणक ऊन आत येत होतं. हा लेख मी करावेला जाण्याआधीच निम्मा लिहून ठेवला होता. ज्यांच्या आठवल्या त्यांच्या वाटच्या ओळी त्यात होत्या, त्याच्याही. सगळ्यात जमलेल्या, आजही कुणी वाचल्या तर हमखास हसू येईल अशा. टेबलाशी बसून मी त्या काढून टाकल्या. आता त्या फक्त आम्हा दोघांना पाठ आहेत, आणि आम्ही गेलो की संपतील.