गोचिडी मोजणाऱ्या बायका

धाकटी जाऊ कुसुम तापाने फणफणली होती, तेव्हा मी सोळा सोमवार बोलले होते. तेराव्या दिवशी शहापूरच्या डॉक्टरांनी तिच्या केसांत मानेपाशी रुतलेली गोचीड शोधून काढली, औषध बदललं आणि ताप उतरला. सोमवार मी मनोभावे केले. पण कुसुमच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. ती म्हणायची, "वयनी, पयल्या दिवशीच कुणी इचारलं असतं, गोचीड लागली का, तर तेरा दिवस कशाला गेले असते?"

म्हणून दिवाळीनंतर मुंबईच्या कॉलेजातल्या एक मॅडम आमच्या खर्डीला आल्या, तेव्हा आम्ही दोघींनी सर्वात आधी नावं दिली. रानात जाणाऱ्या माणसांना किती गोचिडी लागतात, हे त्यांना मोजायचं होतं. आकडे मोठे निघाले, तर दवाखान्यात तापाच्या प्रत्येक माणसाला गोचिडीचं विचारा, असं त्या लिहून देणार होत्या. होळीपर्यंत आम्ही मोजत होतो. तेवढ्यात किश्श्यांचा एवढा ढीग साचला, की सगळे सांगायचे तर स्वयंपाक राहील.

*

पहिला माझाच. मॅडमनी पांढरं फडकं दिलं. गवतावरून ओढायचं, त्याला गोचिडी चिकटतात, मग ते तसंच पिशवीत घालून परत द्यायचं. मी लाकडांच्या वाटेवर मन लावून ओढलं. घरी आणून बघते तर काय मळलेलं! दुसऱ्याची वस्तू अशी कशी परत द्यायची? साबण लावला, नीळ दिली, इस्त्री केली, चौघडी घालून मॅडमच्या हातात ठेवलं.

मॅडमनी फडकं उलगडून दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग म्हणाल्या, "काकू, फार छान धुतलंय."

*

कुसुमला काचेची बारकी, रिकामी बाटली मिळाली होती. अंगावर सापडलेली गोचीड चिमट्याने काढून तिच्यात टाकायची. पहिल्या आठवड्यात कुसुमला एकही मिळाली नाही. आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. तिने बाटलीत साखर भरून दिली.

मॅडमनी चहात घातली ती.

*

येसूबाई आमच्या शेजारच्या पाड्यातल्या, पासष्टीच्या. मनगटावर बांधायचं घड्याळ त्यांना दिलं होतं. माणूस कुठे कुठे फिरलं, ते त्याच्यात उमटतं. महिन्याने मॅडमनी लॅपटॉप उघडला आणि घाबरल्याच. येसूबाई रोज उंबरमाळीच्या बाजूच्या कड्यावर चढत होत्या आणि दुपारभर तिथेच टोकाशी उभ्या राहत होत्या.

आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या सुजाताताई धावत त्यांच्या घरी गेल्या. येसूबाई ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या. घड्याळ शेळीच्या गळ्यात.

"आमच्या घरातून रानात ती जातं गो जास्ती," येसूबाई म्हणाल्या. "मी आपली मोळीपुरती."

*

मार्गशीर्षातल्या गुरुवारी घट मांडायला बसले आणि पोटरीवर गोचीड दिसली. उपासाच्या दिवशी जीव कसा घ्यायचा? एव्हाना मलाही बाटली मिळाली होती, आणि आता बाटल्यांत मॅडम औषध घालून देत; त्यात पडली की ती मरणारच. तिच्यापुढे हात जोडले, "बाई, तुझ्यामुळे कुणाचा तरी ताप वाचेल," असं सांगितलं आणि सोडली बाटलीत. मॅडमनी प्रत्येकीला दिलेल्या डायरीत वेळेच्या रकान्यात लिहिलं, पूजेआधी.

पुढच्या गुरुवारी मॅडमनी फोन करून विचारलं, "काकू, आज पूजेनंतर काही?"

*

पण खरी पंचाईत वेगळीच होती. माझ्या आणि कुसुमच्या डायऱ्या सोडल्या, तर बाकी सगळ्यांच्या डायरीत शून्य. कारण आमच्या सासूबाई. त्यांच्या स्वच्छतेचा गावात दरारा. गोचीड गुरांना लागते, माणसाला लागली तर ते माणूस आंघोळ करत नाय, असं त्या पाणवठ्यावर सांगून आल्या होत्या. मग कोण कशाला खरं लिहील?

होळीच्या आधी समाजमंदिरात शेवटची बैठक झाली. मॅडमनी डायऱ्या गोळा करून एकेकीला आकडा विचारला. शून्य, शून्य, शून्य. येसूबाईसुद्धा शून्य. मॅडमनी वही मिटली. दोघींच्या आकड्यांवर दवाखान्याला काही लिहून देता येणार नाही, म्हणाल्या. कुसुमने माझा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात मागच्या रांगेतून सासूबाई उठल्या. नाव दिलेलं नव्हतं, डायरी नव्हती. कमरेची मिसरीची डबी काढली, झाकण उघडून मॅडमच्या टेबलावर उपडी केली. मिसरी नव्हती त्यात.

"एकवीस हायेत," त्या म्हणाल्या. "सगळ्या माज्या अंगावरच्या. आन मी दोनदा आंघोळ करतंय. लिवा."

मग येसूबाईंनी हात पुढे केला, "मॅडम, माजी डायरी जरा परत द्या." मग दुसरीने. मग सगळ्यांनीच. सुजाताताईंना पेनं पुरवता पुरवेनात.

तुम्हीही रानातून, बांधावरून घरी आलात, की कानामागे, काखेत, निऱ्यांखाली नीट हात फिरवा. आणि सापडली, तर आमच्या सासूबाईंसारखं चारचौघांत सांगा, एवढंच मागणं आहे.