तारेने बांधलेले बूट

सिंदेवाहीच्या बसथांब्यासमोर मोटारसायकली दुरुस्त करणारा हा माणूस गाडीपेक्षा गिऱ्हाइकालाच जास्त दुरुस्त करतो. माझा क्लच सारखा जातो तो माझ्या रागीट स्वभावामुळे, असं त्याचं निदान आहे.

परवा एक उंच जर्मन पाठीवर बिऱ्हाड घेऊन रस्ता विचारायला थांबला. त्याला जंगलातून पलीकडच्या गावापर्यंत एकट्याने चालत जायचं होतं. दुभाष्या मी.

"पायी काऊन जाते हा? गाडी बिघडली असन तं आण म्हणा."

हौस आहे, म्हटलं. हा बिघाड त्याच्या ओळखीचा नव्हता.

"मंग सांगा त्याले, जंगलात वाकाचं नाई. वाकलेला माणूस वाघाले जनावर दिसते."

नीट कळावं म्हणून तो भर रस्त्यात चार पायांवर उभा राहिला. जर्मनाने फोटो काढला. तेवढ्यात त्याच्या बुटाची नाडी सुटली आणि तो बांधायला वाकला.

"पाह्यलं? मेला हा."

एरवी जड गाड्याही गिऱ्हाइकालाच ढकलायला लावणारा हा माणूस त्याच्या पायाशी बसला. पकडीने त्याने दोन्ही बूट तारेने करकचून आवळले.

"आता याने बूट काढायचे कसे?" मी विचारलं.

"काढाले इथीच यावं लागन त्याले."

संध्याकाळी सगळी दुकानं बंद झाली, तरी हा पकड हातात घेऊन बसलेला. शेवटी जर्मन बसमधून लंगडत उतरला, आपल्या भाषेत तोंडाचा पट्टा सोडतच.

"काय म्हणते?" तार तोडता तोडता त्याने विचारलं.

"शिव्या देतोय तुम्हाला."

"देऊ द्या. म्हणजे जिता आहे."