लॉनच्या मालकीणबाई

मंचरजवळच्या एका लग्नाच्या लॉनवर मी नेहमी मंडप घालतो. तिथल्या मालकीणबाई चालता चालता स्वतःशीच बोलतात आणि सगळ्यांना 'राव' म्हणतात, नवरीलासुद्धा. परवा दोन कंपन्यांचे विक्रेते गवत कापायची, वर बसून चालवायची मशिनं घेऊन आले. दोघंही आपापल्या मशीनची ताकद सांगत सुटले. बाईंनी म्हाताऱ्या माळीमामांना हाक मारली. गुडघे धरल्यामुळं मामा काम सोडायच्या बेतात होते.

"बसून बघा राव दोन्हीवर."

पहिल्या मशीनवर मामांना चढताच येईना. दुसऱ्यावर ते अलगद बसले.

"हेच ठेवा," बाई म्हणाल्या.

"ताई, पण आमचं लई जोरदार हाये," पहिला विक्रेता म्हणाला.

"असंल की. आमचं मामा त्याच्यावर चढत न्हाईत."

मामा मात्र आता उतरायला तयार नव्हते.