काटा थांबेपर्यंत

ऑक्टोबरमध्ये माझे पती ऑफिसच्या टेबलापाशी हृदय बंद पडून गेले. खाता खाता सफरचंद हातातच राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलं नसेल. माझा विश्वास बसला नाही.

आमच्या विस्कॉन्सिनमधल्या घराशेजारी राहणारे म्हातारे गृहस्थ त्या आठवड्यात डिशभर भाजलेले बटाटे ठेवून गेले. डिश परत द्यायला मी त्यांच्या गॅरेजमध्ये गेले. हरणाच्या शिकारीसाठी ते रायफलची काडतुसं स्वतः भरत. नखाएवढ्या चमच्याने बंदुकीच्या दारूचे दाणे छोट्या तराजूत सोडत होते.

"मॅम, दार लावा. काटा थांबेपर्यंत बोलू नका, श्वासानेही हलतो तो."

घरी सगळे समजूत घालत होते. इथे बोलायचंच नव्हतं. मी मांडीवर डिश धरून बसले आणि तशीच घरी घेऊन आले. मग डिश द्यायला म्हणून पुन्हा पुन्हा जाऊ लागले.

"दुकानात तयार मिळतात ना?" एकदा मी विचारलं.

"बायकोही हेच म्हणायची. खर्च बघून!" ते हसले. मग म्हणाले, "दुकानातली माझ्या रायफलीतून थोडी इकडेतिकडे लागतात. तेवढ्यानेही हरीण जखमी होऊन रानात तडफडत राहतं. गोळी नेमकी लागली, तर त्याला काही कळत नाही."

"कशावरून?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "जवळ जातो, तेव्हा तोंडातलं गवत तसंच असतं."

त्या दिवशीही मी डिश तशीच घरी घेऊन आले.

आता ते गृहस्थही नाहीत. डिश माझ्याकडे आहे, आणि डॉक्टरांचं म्हणणं मला खरं वाटतं.