मेंदूचा आलेख आणि एरंडेल

"एपिलेप्सी," डॉक्टर म्हणाले आणि लांबलचक कागदावरच्या टोकदार रेघांवर त्यांनी बोट ठेवलं. "म्हणजे अपस्मार. तुमच्याकडे मिरगी म्हणतात तेच. औषध आहे." त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं मी नीट ऐकलं.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. लपवू नका, हे आधीच सांगून टाकते.

पहिला झटका दारव्ह्याला घरीच आला, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल हुंगवली. शुद्धीवर आले तेव्हा दोन्हींचा वास येत होता आणि जीभ चावली गेली होती. पुढे आम्ही दीक्षा घेतली, बौद्ध झालो. झटके येतच राहिले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "घरातले देव काढले, म्हून पोरगी पडून राह्यली." बा ओट्यावरूनच म्हणाले, "मंग देव होते तवा काहून पडत होती?" काकू पदर सावरत आपल्या घरात गेल्या.

यवतमाळला मी शिक्षिकेचं शिक्षण घेत होते. शेवटचं वर्ष. सरावाचा पाठ घेताना फळ्यासमोरच पडले, खडू हातात तसाच. प्राचार्यबाई म्हणाल्या, "मुलांपुढे उभी राहू शकतेस असं डॉक्टर म्हणाले, तरच परत ये." त्या काळजीनं बोलल्या, पण मला झोंबलं. आमच्या वस्तीतली पहिली मास्तरीण व्हायची होते मी, आणि तो मान सोडायची माझी मुळीच तयारी नव्हती.

यवतमाळच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. तिथल्या वैद्यकीय कॉलेजात मेंदूवर संशोधन करणारी प्रयोगशाळा नव्यानंच सुरू झाली होती. माय सोबत आली. निघण्याआधी तिनं माझ्या टाळूवर वाटीभर एरंडेल जिरवलं आणि करकचून वेणी घातली. "डोक्स्याची तपासनी हाये, डोक्सं थंडं पायजे," ती म्हणाली. मलाही ते पटलं होतं.

तपासणीचं नाव ईईजी. मेंदूत सतत अगदी बारीक वीज खेळत असते, ती हे यंत्र कागदावर उतरवतं. त्यासाठी डोक्याला जागोजागी धातूच्या चकत्या चिकटवतात. शॉक बसत नाही, दुखत नाही. घाबरू नका.

माझ्या डोक्यावर मात्र एकही चकती टिकेना. कशाबशा बसवल्या तर यंत्राच्या लेखण्या कागदभर थयथयाट करू लागल्या. माय पांढरीफटक पडली. "इतकं बिगडलं का हिचं?" डॉक्टरांनी कागद बघितला, मग माझ्या केसांना बोट लावून बघितलं. "बाई, हे झटके तेलाचे आहेत. पोरीचे नाहीत."

मागच्या नळावर मायनं माझे केस धुतले. साबण, पुन्हा साबण, शेवटी बाजारातून रिठे आणले. घासताना तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता, आणि शिव्या सगळ्या एरंडेलाला.

केस वाळेपर्यंत आम्ही आत बसलो होतो. फडताळात काचेच्या बरणीत एक मेंदू ठेवलेला. मायनं बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "कोन्या जातीच्या मानसाचा व्हय?" शिकाऊ डॉक्टर खाली बघू लागले. मोठे डॉक्टर म्हणाले, "कळत नाही, बाई. कापून पाहिला तरी कळत नाही." माय नुसती "हं" म्हणाली. परतीच्या एस.टी.त मात्र तिनं हे अख्ख्या गाडीला सांगितलं.

दुसरा आलेख स्वच्छ आला. डाव्या कानाच्या वर, मेंदूच्या त्या भागात दोष निघाला. फेनोबार्बिटोन सुरू झालं, म्हणजे झटके दाबणारी गोळी. सुरुवातीला झोप फार येते, मग सवय होते. "बरं वाटलं म्हणून सोडायची नाही," डॉक्टरांनी बजावलं. "विहिरीवर एकटीनं जायचं नाही, चुलीपुढे एकटीनं बसायचं नाही."

"आणि शिकवायचं?"

"शिकव की! झटके कमी होतील. एखादा येईलही. त्याला भिऊन घरात बसायचं कारण नाही."

'एखादा येईलही' हे पचायला मला वेळ लागला. रडलेही. पण ज्यांनी खोटा दिलासा दिला नाही, त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. प्राचार्यबाईंनी मला परत घेतलं.

दारव्ह्याजवळच्या एका गावात तिसरीचा वर्ग मिळाला. पहिल्याच दिवशी पोरांना सगळं सांगितलं. पडले तर पाट्या बाजूला सरकवा, मला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. आणि पाढे थांबवू नका.

गावातल्या मोठ्यांनी नाकं मुरडली. पोरांनी नाही. त्यांनी कुशीवर वळवण्याचा खेळच केला आणि एकमेकांना पाडून सराव करून टाकला.

थंडीत एका सकाळी तो 'एखादा' आला. डोळे उघडले तेव्हा मी कुशीवर होते, डोक्याखाली कुणाचं तरी दप्तर होतं. आजूबाजूचं काही ओळखू येईना. आवाज येत होते, पण त्यांचे शब्द होत नव्हते. हळूहळू झाले. वर्ग जागेवर बसून तेराचा पाढा म्हणत होता. कुणी पळालं नव्हतं, कुणी रडत नव्हतं.

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा सत्ते ब्याण्णव..."

"एक्याण्णव," मी जमिनीवरूनच म्हणाले.