आईचा कापलेला फोटो

मंडळी, आज एक जुना सूड घेतला. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी आई दातिवऱ्याची, कोळ्याची मुलगी. ऐंशीच्या दशकात बाबांनी तिच्याशी लग्न केलं, ते मोठ्या काकूला खपलं नाही. तिने घरच्या सगळ्यांच्या फोटोतून आईला कात्रीने कापून काढलं आणि उरलेला फोटो वाणगावच्या घरात भिंतीवर लावला. आईने स्वतःचा तुकडा ट्रंकेत जपून ठेवला. ती आता माझ्याकडेच असते.

ते घर आवरताना भिंतीवरचा फोटो माझ्याकडे आला. आज केर-लादी उरकून दोन्ही तुकडे बोईसरला फ्रेमवाल्याकडे नेले.

तो म्हणाला, "जोड झाकून देतो."

"नको, दिसू दे."

संध्याकाळी काकू आमच्याकडे सरावलीला आली. फ्रेम तिच्या खुर्चीसमोरच लावली होती. बसायला आलेल्या शेजारणीने विचारलं, "मधे ही रेघ कसली?"

मी म्हटलं, "काकू, तूच सांग ना."

काकूने मान खाली घातली. "मीच कापला व्हता."

आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. पाहुण्याला चहाशिवाय न सोडणारी ही बाई जागची हललीसुद्धा नाही. काकू तशीच उठून गेली.

म्हाताऱ्या माणसाला असं बोलायला लावलं म्हणून नवरा रागावलाय. मला मात्र फार बरं वाटतंय. खरं सांगा, चुकलं का माझं?