कोचसाहेबांचा नमस्कार

आमच्या शेजारच्या जपानी कोचसाहेबांइतका वाकणारा आणि तरीही इतका ताठ माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. ते लिफ्टमधून उतरताना आतल्यांना वाकत, खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमधल्या कॉफीवाल्याला वाकत, आणि बुओना व्हिस्टाच्या आमच्या काँडोच्या इमारतीमागच्या मैदानात पाऊल टाकण्याआधी टोपी काढून असे वाकत, की पाठीवर पोळपाट ठेवून खुशाल चार पोळ्या लाटाव्यात. तिकडे जपानात ते बेसबॉलचे व्यावसायिक खेळाडू होते, चेंडू फेकणारे. खांदा गेला, खेळ सुटला, म्हणून इथे येऊन ऑफिसातल्या हौशी मंडळींना शिकवू लागले. पण शिकवताना स्वतः एकदाही चेंडू फेकला नाही. "मी सांगणार, तुम्ही फेकणार," एवढंच.

मी तेव्हा चाळिशीची, पुण्याहून नुकतीच आलेली आणि स्वतःवर बेहद्द खूश. मैदानापलीकडच्या बाकावर बसायची. रोज संध्याकाळी एक परका गृहस्थ आपल्याकडे बघून टोपी काढून वाकतो म्हटल्यावर बाईमाणसाने करायचं काय? मीही उठून हात जोडायची. पुढे पुढे तर ठेवणीतले कुर्ते घालून जाऊ लागले. चार महिन्यांनी आमचे हे म्हणाले, "अगं, तो मैदानाला नमस्कार करतो. तू मधे कशाला उठतेस?" मी धावत माफी मागायला गेले, तर कोचसाहेबच लाजले. "मला वाटलं, इंडियातही मैदानाला नमस्कार करतात. फार बरं वाटायचं."

त्याला वीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात ते लेकीकडे कायमचे जपानला निघाले. आदल्या संध्याकाळी आमच्या दारात उभे, हातात चेंडू आणि ग्लव्ह.

"मॅडम, एकदाच फेकून बघायचंय. शिष्यांसमोर नको."

चेंडू झेलणाऱ्याने उकिडवं बसायचं असतं; गुडघे बदललेली मी काय उकिडवी बसणार! मैदानात प्लास्टिकची खुर्ची टाकून, ग्लव्ह पुढे करून बसले. त्यांनी हात उचलला. तो खांद्याशी अडला, चेहरा आक्रसला, आणि चेंडू सुटला. तीन टप्पे खात माझ्या खुर्चीच्या बाजूने निघून गेला.

"स्ट्राइक!" अचूक फेकीला ओरडतात तशी मी हात उंचावून ओरडले.

"नाही मॅडम. बाहेर गेला." खोटं त्यांना तेव्हाही चाललं नाही. मग खांदा चोळत हसले आणि इथल्या लोकांच्या ढंगात म्हणाले, "पण पोचला, लाह!"

मैदानाच्या कडेला जाऊन ते वळले, टोपी काढली आणि वाकले. समोर मैदान होतं आणि मैदानात मी. नमस्कार कुणाला, ते या वेळी विचारलं नाही. खुर्चीतून उठायला मला वेळ लागला. तोवर ते वाकलेलेच होते.